एकास दहा

धायरी, पुणे
१२ जुलै १९९९

चि. सुदर्शन यास,

आशीर्वाद द्यायचेच आहेत, पण आज ते पत्राच्या शेवटी ठेवले आहेत. आधी तक्रार ऐकून घे.

तू नखाएवढी एक वस्तू सात वेष्टनांत गुंडाळून, प्रत्येक वेष्टनावर 'जपून' असे लिहून पाठवलीस. ती आम्ही जपून उघडली. चष्म्यावर आणखी एक भिंग धरून, श्वास रोखून, तू जाताना इथे ठेवून गेलेल्या तुझ्याच टर्नटेबलाच्या दांडीला बसवली. त्या चार तारा जोडताना जेवढी एकाग्रता झाली तेवढी मला संध्येला कधी झाली नव्हती. मग रेकॉर्ड लावली, आवाजाची कळ पार शेवटापर्यंत पिळली, आणि कौशल्येचे गुरुजी, ज्यांच्या आवाजाने म्हणे मांडवाच्या कनाती हलत, ते आमच्या बैठकीत असे गायले की जणू शेजारी बाळ झोपले आहे आणि हे त्याच्या आईला हळूच विचारत आहेत, 'दूध प्यायला का?'

संस्कृतात मेहुण्याला श्याल म्हणतात. नाटकांतून त्याला काम बहुधा एकच, घोटाळे करणे. तू परंपरा राखलीस.

बरे, जुनी सुई परत लावावी तर ती उरलेली नाही. सरूबाई आमच्याकडे धुणीभांडी करतात, आणि अंगात उत्साह असला की न सांगितलेलीही कामे करतात. त्यांनी सुईवरची धूळ पुसली. इतकी स्वच्छ पुसली की सुई फडक्याबरोबर गेली.

या सगळ्याचे कारण तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला कोणताच विषय समजत नाही. १९७२ साली गुरुजींची ती एकुलती एक रेकॉर्ड निघाली तेव्हा त्यांच्या मागे तंबोऱ्यावर कौशल्या, तुझी बहीण, होती, वय वर्षे वीस. कव्हरवर तबलजींचे नाव आहे, पेटीवाल्यांचे आहे, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचेही आहे. तंबोऱ्याला नाव नाही. त्या रेकॉर्डवर ती आहे याला पुरावा एकच, तो आवाज. आणि तोच, ती म्हणते, येत नाही. "पूर्वी थोडा तरी यायचा हो. वर्ष-दीड वर्षात तोही गेला. सुई झिजली असणार."

मला विचारशील तर मला तो येत असे. पण माझे कान व्याकरणाचे. शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ मी झोपेत पकडीन. सुरांचे खाते घरात पहिल्यापासून तिच्याकडे आहे. ती नाही म्हणाली म्हणजे नाही. मला भास झाला असणार.

एक चांगली बातमी मात्र आहे. सकाळी मी स्तोत्र म्हणू लागलो की स्वयंपाकघरातून "सूर सोडलात!" अशी हाक येणे हा आमच्या संसाराचा नित्यक्रम. गेल्या वर्षभरात ती हाक एकदाही आलेली नाही. एक शब्द नाही. अभ्यासाने माणूस काय साधणार नाही!

तुमच्या त्या दोन हजार सालच्या घोळाचे कुठवर आले? वर्षाचे चार आकडे लिहायचा कंटाळा करून दोनच लिहिले, म्हणून आता सगळ्या जगाची यंत्रे बंद पडणार, आणि ते निस्तरायला आमचा मेहुणा साता समुद्रापलीकडे! आमचे पंचांगवाले अजूनही शके १९२१ असे पूर्ण लिहितात. त्यांना कोणी व्हिसा देत नाही.

आता आशीर्वाद घे. आणि त्या नखाला कंठ कसा फोडायचा ते कळव.

तुझा,
बद्रीनाथ

•

एडिसन, न्यू जर्सी
३० जुलै १९९९

ती. भाऊजी यांस,
साष्टांग नमस्कार.

चूक माझीच. कार्ट्रिज, म्हणजे सुईचं ते नख, पाठवलं आणि त्याच्या आधी लागणारा ट्रान्सफॉर्मर सांगायचाच राहिला. म्हणजे बटू नटून तयार आणि भटजींना आवतणच नाही.

सोपं करून सांगतो. तुमच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर लोहचुंबक हलायचं आणि तारेची वेटोळी जागेवर असायची. हे मूव्हिंग कॉईल आहे. इथे चुंबक जागेवर आणि सुईच्या शेपटीला केसाहून बारीक तारेची वेटोळी. ती वजनाला काहीच नाहीत, म्हणून रेकॉर्डच्या खाचेतला अगदी बारीक थरथराटसुद्धा पकडतात. तंबोऱ्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण वेटोळी थोडी, म्हणून त्यातून येणारी वीजही थोडी. तिला ॲम्प्लिफायरपर्यंत जाताना मध्ये बळ द्यावं लागतं. ते काम स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचं. एका बाजूला तारेचे कमी वेढे, दुसऱ्या बाजूला जास्त. एकास दहाचा घेतला तर दाब दहापट.

आता तुम्ही म्हणणार, मग एकास शंभरचा का नको? भाऊजी, तुम्ही कात्रजचा घाट सायकलने चढलाय. जड गिअर टाकला की एका पायडलमध्ये अंतर जास्त कापलं जातं, पण गुडघ्यांवर भारही तेवढाच येतो, हो ना? इथे तर भार वर्गाने वाढतो. एकास दहाला शंभरपट, एकास चाळीसला सोळाशेपट. बिचारी सुई त्या ओझ्याखाली नुसती मोठ्याने ओरडते; बारकावा मरतो. आणि ट्रान्सफॉर्मर निवडताना मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज ही पहिली चूक सगळे करतात. माझ्या हिशेबाने तुमच्या कार्ट्रिजला एकास दहा नेमका.

तरी तुलना करता यावी म्हणून दोन पाठवतो, दहा आणि वीस. इथल्या एका बंद पडलेल्या रेडिओ स्टेशनच्या सामानात मिळाले. आमच्या ऑफिसातली निकिता सुट्टीवर पुण्याला येते आहे, ती आणून देईल. दिसायला करंड्यांसारखे डबे आहेत; ताईला सांगा, कुंकू ठेवू नको.

एक विचारायचं होतं. ताई माझ्यावर रागावली आहे का? मी फोन केला की "बरा आहेस ना? जेवतोस ना वेळेवर? हे घे, ह्यांच्याशी बोल," आणि रिसीव्हर तुमच्या हातात. पूर्वी तासन्‌तास बोलायची. मी निघताना म्हणाली होती, "जातोस तर जा, माझं काय." ते अजून मनात आहे का तिच्या?

सुदर्शन

•

धायरी
५ सप्टेंबर १९९९

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद, या वेळी सुरुवातीलाच. कारण डबे पोचले आणि गुरुजींना कंठ फुटला.

तुझी ती निकिता गुणी मुलगी आहे. विमानतळावर कस्टमच्या माणसाने डबे हलवून पाहिले आणि विचारले, हे काय? तर म्हणाली, "काकूंचा तानपुरा आहे यात." त्याने तिला तसेच जाऊ दिले. वेड्यांना अडवायचे नाही असा त्यांचा नियम असावा.

परीक्षा निकितासमोरच घेतली. कौशल्या मधोमध सतरंजीवर बसली, मी कळीशी, निकिता दाराशी. आधी दहाचा डबा. सुई टेकली आणि सुदर्शना, काय सांगू! गुरुजी सुरू होण्याआधीचा तो नुसता तंबोरा मला इतका स्पष्ट आला की तारांखालचा जवारीतला रेशमी धागासुद्धा मोजून घ्यावा. मी कौशल्येकडे पाहिले. ती वाट पाहत होती.

"लावलीत का?" म्हणाली.

"लावली की."

"मग गुरुजींच्या आधी नुसता तंबोरा आहे ना. तो कुठाय?"

निकिता म्हणाली, "काकू, इट्स सो क्लिअर! मला तर चारही तारा ऐकू येतायत."

"मुली, तू तंबोरा कधी ऐकलायस?"

"आजीकडे होता ना. रोज संध्याकाळी वाजायचा."

"मग तो तुला आठवतोय. रेकॉर्डवर नाहीये."

मी मनात म्हटले, हिला आजीचा आठवला, मला कोणाचा आठवला? मग वीसचा लावला. गुरुजी चांगलेच दणदणीत झाले, शिवाय मागे एक 'घूंऽऽ' असा नाद सुरू झाला. निकिताने नाक मुरडले. कौशल्या मात्र शांत. एके काळी कुकरची शिट्टी बेसूर म्हणून नवाकोरा कुकर दुकानात परत देऊन आलेली बाई ही! वय वाढले की माणूस क्षमाशील होतो. "गाणं चांगलं येतंय," म्हणाली, "पण तंबोरा नाही. याहून जोरकस काही नसतं का?"

तुझे वर्गाचे गणित मी तिला सांगितले, घाटासकट. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, घाट तू चढ. मला तंबोरा हवाय."

रागाचे मी तिला विचारले. ती म्हणाली, खाली दोन ओळी मीच लिहिते.

बद्रीनाथ

चि. सुदर्शनला आशीर्वाद. अरे वेड्या, मी कशाला रागवेन? फोनवर तू हल्ली भरभर बोलतोस, अमेरिकन झालास. बोलणं कुठल्या कुठे जातं आणि बिल मात्र वाढतं. त्यापेक्षा पत्र लिही. पत्र मला आवडतं, सावकाश वाचता येतं. मोठा ट्रान्सफॉर्मर बघशील ना? लोकांना उगाच वाटतं मी हट्टी आहे. एकदा ऐकला की मग मी काही मागणार नाही. लोकरीचं घालून जात जा. ताई.

•

एडिसन
२२ सप्टेंबर १९९९

ती. भाऊजी,
सा. न.

ताईचं अक्षर बघून बरं वाटलं. भरभर बोलतो हे खरं असेल. परवा फोन केला तेव्हा मुद्दाम एकेक शब्द सुटा करून बोललो, आकाशवाणीवर बातम्या देतात तसा. तरी तिने अर्ध्या मिनिटात रिसीव्हर तुम्हाला दिलाच. असो.

घूं घालवायला दोन उपाय. डबा ॲम्प्लिफायरपासून हातभर लांब ठेवा आणि जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका दिशेला घूं एकदम पडेल. शिवाय टर्नटेबलाची ती सुटी हिरवी तार डब्याच्या स्क्रूला बांधा.

आता जोरकस डब्याबद्दल. तांत्रिकदृष्ट्या मी याच्या विरुद्ध आहे, हे लिहून ठेवतो. पण लहानपणी घरात कुठला स्वर लागला नाही हे फक्त ताई सांगायची आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. ती म्हणते दहात तंबोरा नाही, तर माझ्याच गणितात कुठेतरी चूक असणार. खडकीला माझ्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतला जुना सोबती आहे, ज्ञानदेव. त्याला एकास चाळीसचा गुंडाळून द्यायला सांगितलं आहे. डिफेन्स क्वार्टर्समध्ये राहतो, कुणीही घर दाखवेल. माणूस जरा बोलका आहे.

सुदर्शन

•

धायरी
१७ ऑक्टोबर १९९९

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

'जरा बोलका' हे तू कोणत्या कोशात पाहून लिहिलेस? ज्ञानदेवांकडे मी सकाळी गेलो आणि दुपारचे जेवण आटोपूनच सुटलो. एवढ्या वेळात ते अखंड बोलले. मेथीच्या भावापासून मुलीच्या स्थळापर्यंत सर्व विषय झाले. पण मी साधे विचारले, "वेढे किती दिलेत?" तर त्यांनी आवाज उतरवला, दारामागे डोकावून आले आणि म्हणाले, "ते नाय सांगता येत, साहेब. तीस वर्षांची सवय हाय." मी म्हटले, अहो, हा तंबोऱ्यासाठी आहे, तोफेसाठी नव्हे. तर म्हणाले, "लोखंड तेच हो." डबा मला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून मिळाला. तो कशाचा आहे हे बसमध्ये कोणाला सांगू नका, असे बजावूनही मिळाले. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ धायरीपर्यंत त्याकडे आशेने पाहत होते.

निकाल सांगतो. एकास चाळीस लावल्यावर गुरुजींना गालगुंडे झाली. आवाज सुजला, तबल्याचे पीठ झाले, तारसप्तक फाटले. घूं इतकी वाढली की खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई वर येऊन विचारत्या झाल्या, "अहो, पाण्याची मोटर चालू राहिलीय का?"

"कसली मोटर?" कौशल्या म्हणाली.

वेणूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी वर छताकडे पाहिले.

पण तिला हाच पसंत पडला. "यात तंबोरा आल्यासारखा वाटतो," म्हणाली. 'वाटतो' हे क्रियापद मी टिपून ठेवले. पण वाद घातला नाही. तू सांगितल्याप्रमाणे तार बांधली, डबा फिरवला, घूं पुष्कळ उतरली. गालगुंडे मात्र औषधाला दाद देत नाहीत.

आता पुढची गोष्ट. येत्या एकवीस नोव्हेंबरला, रविवारी, गुरुजींची पुण्यतिथी आहे. कौशल्येने तिच्या गाण्याच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावले आहे. आधी रेकॉर्ड ऐकायची, मग मुलींनी गायचे, मग बटाटेवडे. "सत्तावीस वर्षांनी एकदा सगळ्यांसमोर माझा तंबोरा ऐकवते," असे ती वर्गात सांगून बसली आहे. या वर्गात हल्ली मी एक नवलच पाहतो. मुलींना ती अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसवते आणि फार कमी रागावते. श्रद्धा नावाची एक आहे, सुरेल पण आळशी. परवा तिने निषाद इतका खाली लावला की मला, मला सुदर्शना, तो कळला! कौशल्या म्हणाली, "शाब्बास, पुढे." श्रद्धानेच चमकून वर पाहिले. क्षमाशीलतेलाही मर्यादा असावी असे माझे मत झाले आहे.

गालगुंडांचे गुरुजी मुलींना ऐकवायचे की कसे, एवढाच आता प्रश्न. तिला हवा चाळीस, तू म्हणतोस दहा, आणि सकाळच्या स्तोत्रात प्रवीण झालेल्या या माणसालाही दहाच बरा वाटतो. पण माझ्या मताला किंमत किती, ते तू जाणतोसच.

बद्रीनाथ

•

एडिसन
२ नोव्हेंबर १९९९

ती. भाऊजी,
सा. न.

इथे एकतीस डिसेंबरपर्यंत कुणाला श्वास घ्यायची सवड नाही, म्हणून थोडक्यात.

चाळीस लावू नका. बायकामुलींसमोर गुरुजींचे हाल होतील आणि ताईलाच वाईट वाटेल. असं करा. मतं बाजूला ठेवा, परीक्षा घ्या. कुठला डबा लावलाय ते कुणालाच सांगू नका. ताईला पाठमोरी बसवा, डोळे मिटून. सुरुवातीला नुसता तंबोरा आहेच. तो ऐकू आला की तिने बोट वर करायचं. दहा लावून बोट वर गेलं तर वादच मिटला. मोठ्या डब्याचा तो नुसता भ्रम. नाही गेलं तर मी गणित परत मांडतो.

निकिता परत आली. म्हणाली, "सर, तानपुरा मला खरंच ऐकू आला होता." मी म्हटलं, ताईपुढे तुझं काय! पण ती पुन्हा म्हणाली, "खरंच आला होता, सर." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. परीक्षा नीट घ्या, भाऊजी.

सुदर्शन

•

धायरी
२८ नोव्हेंबर १९९९

चि. सुदर्शन यास,

पुण्यतिथी झाली. वडे उत्तम झाले होते. वेणूबाईंनी चटणी आणली आणि मोटर बंद केल्याबद्दल माझे आभार मानले. पत्र लिहायला आठवडा लागला, कारण दोनदा लिहून फाडले. आता सरळ लिहितो.

तू सांगितलेस तसे केले. दहाचा डबा लावला, कोणाला बोललो नाही. बैठक मुलींनी भरली होती. कौशल्या आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसली. ती ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. मुलींना म्हणाली, "तंबोरा आला की मी बोट वर करीन. बघू, तुमच्यातली कोण माझ्याआधी ओळखते!" मग डोळे मिटले. मी पंखा बंद केला आणि सुई टेकवली.

काहीच नाही. तबकडी फिरते आहे, सुई चालते आहे, आणि स्पीकर गप्प. वाकून पाहतो तो ॲम्प्लिफायरची कळ रेकॉर्डच्या 'फोनो'वरून 'टेप'वर गेलेली. पाहुणे येणार म्हणून सरूबाईंनी सकाळी तो मन लावून पुसला होता. माझी धांदल पाहून श्रद्धाने हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. मी कळीला हात घालणार, तेवढ्यात कौशल्येचे बोट वर गेले.

"आला," ती म्हणाली. "ऐका. हा माझा तंबोरा."

खोलीत आवाज नव्हता, सुदर्शन. काहीसुद्धा नव्हते.

श्रद्धाने ओढणी खाली घेतली. एकही मुलगी हसली नाही. मी कळ फिरवली, आणि तंबोरा आला. एकास दहाचा, स्वच्छ, चारही तारा वेगळ्या, जसा तू म्हणाला होतास तसा. तुझे गणित पहिल्यापासून बरोबर होते. निकिताचे कान बरोबर होते. फार काय, माझेही होते. कौशल्येचे बोट जिथे होते तिथेच राहिले. तिच्या पाठीत काही हलले नाही. पुढे गुरुजींनी स्वर लावला तेव्हा मात्र तिची मान हलली. तो तिला आला असावा.

रेकॉर्ड संपल्यावर मुली एकदम बोलू लागल्या. "बाई, किती गोड!" "बाई, तुम्ही तेव्हा केवढ्या होतात?"  श्रद्धा उठून कौशल्येच्या अगदी जवळ जाऊन बसली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, म्हणाली, "बाई, तंबोरा छान आला." कौशल्या हसली. मग वडे झाले.

मी विचार करतो आहे तो असा. सप्टेंबरात ती 'नाही' म्हणत होती, कारण तिला खरेच वाटत होते की दोष सुईचा आहे. या वेळी ती 'आला' म्हणाली. म्हणजे मधल्या दोन महिन्यांत तिला कळले आहे. निकिताच्या बोलण्यावरून, वेणूबाईंच्या मोटरीवरून, माझ्या छताकडे पाहण्यावरून, कशावरून तरी कळले आहे. आणि मुलींसमोर ती आठवणीतला तंबोरा मोजत बसली, किती वेळाने बोट वर करायचे ते. ते ती माझ्यापासून लपवते आहे. मला कळले आहे हे मी तिच्यापासून लपवतो आहे. एकाच ताटलीतले वडे आम्ही खाल्ले आणि दोघेही ट्रान्सफॉर्मरबद्दल बोललो. "दहाचा होता होय?" म्हणाली. "मग सुदर्शन हुशारच म्हणायचा."

ती तुझ्यावर रागावलेली नाही. फोनवर तुझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढेच आहे. ती जेवणाचे विचारते, कारण त्याचे उत्तर न ऐकताही तिला ठाऊक असते. तू पत्र लिहीत जा. बातम्यांसारखे सुटे शब्द बोलू नकोस. तिला ते कळते आणि लागते.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवे, हे मला समजते. काही उपाय असेलही. पण न्यायचे म्हणजे आधी बोलायला हवे. ज्या बाईने आयुष्यभर साऱ्या घराला सूर सांगितला, तिला हे कोणत्या शब्दांत सांगू? एवढे व्याकरण शिकलो, एक वाक्य जुळत नाही.

माझे सकाळचे स्तोत्र सुधारले असे मी तुला लिहिले होते. ते सुधारलेले नाही. आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि मुद्दाम, चांगला सणसणीत सूर सोडून म्हटले. ती पोळ्या लाटत होती. मला पाहून थांबली, हसली आणि म्हणाली, "छान."

मला भीती वाटते आहे, सुदर्शन. तुमचे ते दोन हजार साल एकदाचे उजाडले की जमेल तसा ये.

तुझा,
बद्रीनाथ